धुक्यातला हिरवा दिवा

सकाळी सहा वाजता पवनीहून भंडाऱ्याची खाजगी बस सुटली. धुकं इतकं दाट होतं की स्टिअरिंगवर बसलेल्या परसरामला पुढचा रस्ता हातभरही धड दिसत नव्हता. तरी तो शीळ घालत होता.

आज भंडाऱ्यात त्याच्या लेकीचा, तृप्तीचा सत्कार होता. समोरच्या काचेखाली तिनंच बनवलेला डबा होता. टिफिनएवढा, पत्र्याला चुंबकानं चिकटणारा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा. असाच एकेक डबा तिनं अड्याळच्या, म्हणजे त्यांच्या गावच्या, प्रत्येक ट्रॅक्टर-ट्रॉलीला लावला होता. डबे आपसांत बोलत. पुढे ट्रॉली असली की परसरामच्या डब्याचा दिवा पिवळा होई, अगदी जवळ आली की लाल. रस्ता मोकळा असला की हिरवा.

तीन वर्षांमागं अशाच धुक्यात, धानाच्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर तृप्तीचा भाऊ मोटरसायकलसकट आदळला. तो गेला. तेव्हापासून ती या डब्याच्या मागे लागली होती.

दिवा पिवळा झाला. परसरामनं वेग कमी केला. थोड्या वेळानं धुक्यातून धानाच्या पोत्यांची थप्पी वर आली. गावच्या सोमाजीची ट्रॉली. परसरामनं ती सावकाश मागं टाकली, दिवा हिरवा झाला.

"तुमच्या डब्याले डोये आहेत म्हणा," पुढच्या सीटवरच्या सत्यवतीबाई म्हणाल्या. त्या भंडाऱ्याला नर्स होत्या, रोजच्या प्रवासी.

"माह्या पोरीचे आहेत ते."

"पोरगी गेली कोणावर? तुम्ही तं आठवीत तीनदा बसले."

"मायवर गेली. पण नाव माह्यंच लावते नं."

बसमध्ये हशा पिकला.

माय म्हणजे मालनबाई. तिचे तर पाय जमिनीला लागत नव्हते. लेकीचं प्रमाणपत्र, कप, पेपरातलं कात्रण, जे येईल ते ती बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर मांडायची आणि आल्यागेल्याला दाखवायची.

अड्याळ आलं. रस्त्याकाठच्या त्याच्या घरापाशी दिवा पुन्हा पिवळा झाला. धुक्यात अंगण काही दिसलं नाही.

"विनोद अजून घरीच आहे," परसराम खूश होऊन म्हणाला. विनोद त्याचा धाकटा भाऊ, त्याची ट्रॉली याच अंगणात उभी असायची. "म्हणे, धान गिरणीवर टाकून सत्काराले तुह्या आधी पोचतो."

गाव मागं पडलं. दिवा हिरवा झाला. परसरामनं वेग वाढवला.

त्याचा फोन वाजला. सत्यवतीबाईंनी तो उचलून स्पीकरवर टाकला.

"अवो, कालपासून अर्धी गल्ली घरी येऊन राहिली," मालनबाईचा आवाज फुलून आला होता. "पोरीनं बनवलं तरी काय, पाहू द्या म्हणतात. म्हणून रातीच डबा काढला, पुसला, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला. फुलं वाहिली. कसा लुकलुक करून राहिला."

"कोणता डबा?"

"विनोदभाऊजीचा. ट्रॉलीवर नुसता धूळ खाऊन राहिला होता."

परसरामचा पाय ब्रेककडे गेला.

"अन् विनोद?"

"ते तं कवाचेच निघाले. तुमच्या समोरच असतील. दिसले नाही का?"

दिवा हिरवाच होता.