राजम्याचे चार दाणे

सोनटक्के बाईंनी प्रत्येकाला राजम्याचे चार दाणे दिले. कागदावर दोन माणसं काढायची होती, एक आपण स्वतः आणि दुसरं घरातलं कुणीतरी. दोघांच्याही कमरेच्या जरा वर, पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना एकेक दाणा चिकटवायचा. दाणा म्हणजे मूत्रपिंड.

वर्गात नव्यानेच आलेल्या शलाकाने दुसरं माणूस म्हणून आई काढली होती. आईला एकच दाणा होता. स्वतःला तीन, त्यातला एक तर पार खाली, ओटीपोटात.

"आईचंही तूच घेतलंस होय गं?" बाई म्हणाल्या. वर्ग हसला. बाईंनी तो खालचा दाणा नखाने सोडवला आणि आईच्या चित्राकडे नेला.

शलाकाने त्यांचा हात धरला.

"तिकडे नको, बाई. आईचाच आहे तो, पण डॉक्टरांनी काढून मला बसवलाय. माझे दोन आतच आहेत, पण ते काम करत नाहीत."

बाईंनी डिंकाची बाटली मागवली. दाणा जिथे होता तिथेच परत ठेवला आणि सुकेपर्यंत बोटाने दाबून धरला.