स्मरणशक्तीची कॉफी

"काका, शंभरातून सात-सात वजा करत चला," डॉक्टर गंधाली म्हणाली. मुलुंडला त्यांच्याच सोसायटीत लहानाची मोठी झालेली पोरगी ती.

देवव्रतकाका सुटले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर... मग एक दणदणीत जांभई आणि पासष्ट! शेजारी क्षमाकाकू पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. काकांच्या थोरल्या भावाला शेवटी शेवटी बायकोचं नावही आठवत नव्हतं. तेच आता आपल्या घरी येणार, या धास्तीनं काकूंची झोप उडाली होती. काकांची मात्र अजिबात उडत नव्हती, आणि तिथंच सगळं घोडं अडलं होतं.

"अगं, पेपरात आलं होतं, कॉफीतल्या द्रव्यांमुळे मेंदूच्या पेशी शाबूत राहतात म्हणून. त्या दिवसापासून यांचा चहा बंद. तीन-तीनदा मोठा मग भरून कॉफी देते. तर हे शब्दकोडं सोडवता सोडवता घोरतात! परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये झोपले. स्वतः सेक्रेटरी ना हे! मी घाबरून कॉफी वाढवली, तर आणखीच ढेपाळले."

"राहतात असं नाही काकू, राहत असाव्यात. अजून संशोधन चालू आहे." गंधालीनं तपासणीचा कागद पुढे केला. "पण काकांना पैकीच्या पैकी! मेंदू एकदम झकास!"

काकू ताडकन उठल्या. त्यांनी गंधालीवरून कडाकडा बोटं मोडली, काकांना चिमटा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा एक चिमटा काढला. आनंद नुसता मावत नव्हता.

"पण कॉफी पिऊन माणूस पेंगतो कसा?" गंधाली कोड्यात पडली. "काकू, करता कशी तुम्ही?"

"आपली नेहमीची. घट्ट दूध, साखर, चमचाभर कॉफी." काकू आता भलत्याच रंगात आल्या होत्या. "आणि जायफळ. औषधाची कॉफी ना, म्हणून हात सैल सोडून किसते!"

गंधालीला हसू फुटलं. टेबल धरून हसली तरी थांबेना. काकूंना काही उमगेना. काका मात्र टेबलावर थाप मारून उभे राहिले. महिनाभरात एवढे जागे ते कुणाला दिसले नव्हते.

"गंधाली, आता हिला तपास! आमची दोन्ही पोरं हिनं जायफळ उगाळून चाटवूनच झोपवली होती!"