स्लॅबच्या आधीचा फोटो

"अप्पांना जरा पुढं घ्या, चेहरा काळा येतोय," घरकुलाचे इंजिनिअर मोबाईल धरून म्हणाले.

दोनदा 'येतो' म्हणून न आलेला हा माणूस आज सकाळी साडेसातलाच टपकला होता. सरकारी माणूस आणि दुष्काळातलं आभाळ, दोघांचा काय नेम!

मन्मथअप्पा अर्धवट भिंतीपुढं पाटावर मांडी घालून बसले होते. कपाळाला भस्म, डाव्या तळहातात इष्टलिंग, पाठीला खांबाचा टेकू, अंगावर शाल. शेजारी उदबत्ती जळत होती.

"पूजेला बसलेत?"

"हाव साहेब," त्यांची बायको गुरम्मा म्हणाली. "आन् तसंबी तोंडाच्या कॅन्सरनं चार महिने झाले, आवाज न्हाई."

डॉक्टर सांगायचे, पेशंटला गार, स्वच्छ खोलीत ठेवा. कुठली खोली? त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, खेड्यात टँकरची मारामार. बांधकाम थांबलं. उघडी जखम घेऊन अप्पांनी उन्हाळा पत्र्याच्या शेडात काढला. पत्रा तव्यासारखा तापायचा. 'स्लॅबखाली एक रात निजू द्या,' असं ते पाटीवर लिहायचे.

स्लॅबचा हप्ता हवा तर ज्याच्या नावचं घर, त्याचा भिंतीपुढं फोटो हवा. शेजारच्या कस्तुराबाईचा नवरा फोटोआधीच गेला. वारसाचं नाव चढता चढता तिचं घर तीन वर्षं उघडंच राहिलं. गुरम्मानं त्याचीच धास्ती घेतली होती.

"उदगीर जिल्हा झाला की तुमचे हेलपाटे वाचतील बघा," इंजिनिअर म्हणाले. "अप्पा, मान जरा वर."

धाकटा दीर वीरण्णा लगबगीनं मागं गेला. त्यानं दोन्ही हातांनी अप्पांची मान हळूच वर केली. "गाठ हाय मानंत, साहेब. दुखती लई."

ओठावर माशी बसली. गुरम्मानं ती पदरानं उडवली.

फोटो निघाला. "झालं! महिन्याभरात स्लॅबचे पैसे येतील. अप्पा, तब्येतीला जपा."

फटफटीचा आवाज वेशीबाहेर जाईपर्यंत गुरम्मा हात जोडून उभी होती. मग ती मटकन अप्पांच्या पायाशी बसली.

"भाऊजी, जंगमस्वामीला बोलवा," ती म्हणाली. "पहाटं गेले म्हणू नका. आत्ता गेले म्हणा."