सत्तेचाळीस

तीनला दहा मिनिटं कमी होती आणि पडद्यावर अजूनही तेच वाक्य होतं: या पत्त्यावर काहीही सापडले नाही.

"पुन्हा बघ," ताई म्हणाली.

बारकीने पुन्हा पाहिलं. काही नाही.

साइट तयार होती. आठवडाभर खपून दोघी बहिणींनीच ती केली होती. सूक्ष्मदर्शक दुरुस्तीचं बाबांचं हे दुकान आता बारकी चालवायची. ताई शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची आणि उरलेला वेळ इथे द्यायची. सकाळी बाबांच्या नावाचं डोमेन, म्हणजे साइटचा नावाचा पत्ता, घेतलं, आणि अकराच्या सुमारास ताईने बारकीच्याच लॅपटॉपवर साइट जिथे ठेवली होती त्या होस्टिंगचा आकडी पत्ता त्याला जोडला. चार आकडे, मध्ये टिंबं. शेवटचा सत्तेचाळीस. एवढंच काम, पण हा बदल जगभर पसरायला कधी मिनिटं लागतात, कधी तास.

त्यांच्याकडे पाच वाजेपर्यंतचा वेळ होता. पाचला विद्यापीठाची समिती त्यांच्या अर्जातला हा पत्ता उघडणार होती. साइट दिसली तर दोनशे सूक्ष्मदर्शकांच्या देखभालीचं पाच वर्षांचं काम. नाही दिसली तर अर्ज बाद, आणि मग दुकान चालवण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने बारकीला नोकरी देऊ केली होती. त्यांना उत्तर सहापर्यंत हवं होतं.

"तुला जायचं नाहीच ना?" ताईने आठवड्यात चौथ्यांदा विचारलं.

"नाही गं. बाबांना आणि दुकानाला सोडून कुठे जाऊ?" बारकी एक भिंग पुसत होती. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

शेजारचा फोटोवाला फोन उंच धरून आत आला. साइटवरचे फोटो त्यानेच काढले होते. "बाई, माझ्याकडे उघडली."

ताईने फोन जवळजवळ हिसकावून घेतला. वर बाबांचं नाव, खाली सूक्ष्मदर्शकाच्या पितळी नळीचा फोटो. तिने दोनदा पान वरखाली केलं.

"तुझ्याकडे आधी कशी काय?"

"माझ्या फोनला मालकापेक्षा अक्कल जास्त आहे."

"ती कुणाच्याही फोनला असते," बारकी म्हणाली. फोटोवाला हसत आपल्या दुकानात गेला.

"पसरायला लागली बघ," ताई म्हणाली. बऱ्याच वेळाने तिने पाठ टेकली. "आता तासाभरात सगळीकडे."

"हो," बारकी म्हणाली.

तीन वाजून दहा मिनिटांनी ताईच्या फोनचा गजर वाजला. बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती. शस्त्रक्रियेनंतर ते आतल्या खोलीत पडून असायचे.

"लागलं का माझं नाव?" त्यांनी विचारलं.

"लागतंय, बाबा. डोळे मिटू नका."

"माझंच नाव ते. वेळेवर कधी पोचलंय?"

एक थेंब, पाच मिनिटं थांबायचं, मग दुसऱ्या बाटलीतला. ताई बाहेर आली तेव्हा बारकी लॅपटॉपसमोर हात मांडीवर ठेवून बसली होती.

"अजून नाही," ती म्हणाली.

पावणेचारला नाही. चारलाही नाही. सव्वाचारला फोटोवाला परत आला, या वेळी चेहरा पाडून. "माझ्याकडची गेली की हो."

"असं होतं," बारकी म्हणाली. "कधी दिसते, कधी जाते."

ताईने आपला फोन उचलला. "आकडे ताडून बघू. मी होस्टिंगच्या पानावरचे वाचते, तू तिकडे बघ."

तिने फोनवरून एकेक आकडा सावकाश वाचला, वर्गात वाचावा तसा. बारकी लॅपटॉपकडे बघत प्रत्येकाला "बरोबर" म्हणाली.

"सत्तेचाळीस?"

"बरोबर."

"मग विद्यापीठात फोन करू. होस्टिंगने दिलेला तात्पुरता पत्ता चालेल का विचारू."

"मी करते." बारकी फोन घेऊन पायरीवर गेली आणि दोन मिनिटांत परतली. "अर्जात लिहिलाय तोच पत्ता हवा म्हणतात."

पाच वाजले. फोटोवाला स्टूल ओढून तिथेच बसला होता. पाच वाजून वीस मिनिटांनी विद्यापीठाचं दोन ओळींचं पत्र आलं. अर्ज बाद.

ताई खुर्चीत बसली. "माझं काहीतरी चुकलं, बारके. तुझं सगळं घालवलं मी."

"तुझं काही चुकलं नाही." बारकीने तिचं डोकं पोटाशी धरलं. "आता जायलाच हवं, नाही का? उत्तर पाठवते. बाबांना मीच सांगते."

ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. फोटोवाला हळूच उठला आणि दार लोटून निघून गेला.

ताईला चैन पडेना. प्रयोग फसला तर कुठे फसला ते कळेपर्यंत ती वहीसुद्धा मिटत नसे. तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि डोमेनची नोंद उघडली. शेवटचा आकडा चौऱ्याहत्तर होता.

उलटा टाकला होता. वर्षानुवर्षं मुलांना आकडे पुन्हा तपासायला सांगणाऱ्या बाईने बहिणीचं दुकान दोन आकड्यांपायी बुडवलं होतं. आत जाऊन हे कसं सांगावं याचे शब्द जुळवत असताना तिला पानाच्या तळाशी बदलांची यादी दिसली.

सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं: सत्तेचाळीस.

दुपारी तीन वाजून बारा मिनिटं: चौऱ्याहत्तर.

त्या वेळी ताई बाबांच्या डोळ्यांत थेंब घालत होती.