मोहानं उचललेलं कुंपण

तुमचा विश्वास बसणार नाही, पाहुणे, पण हे कुंपण इथंच वाकडं आहे ते आमच्या मोहाच्या झाडामुळं.

जंगल राखायचं म्हणून जंगलखात्याचे साहेब तारेचं कुंपण घालायला आले. त्यात आमचं झाड पलीकडे जात होतं. आमच्या गावात मोहाची झाडं घराघराला वाटून दिलेली असतात. हे आमच्या आज्यापासून आमचं. ते गेलं तर त्याची फुलंही गेली, मग उन्हाळाभर चुलीवर ठेवायचं काय? मी झाडाला एवढंच विचारलं. झाडानं मुळं लुगड्यासारखी वर खोचली, फांदीनं अख्खी तार उचलली आणि आपल्या मागं नेऊन ठेवली. साहेब टोपी काढून बघतच राहिले!

अंगणात मोहफुलं वाळत घालणारी आमची म्हातारी तिथूनच कडाडली, "काहून खोटं बोलता जी? तार आलीच कुठं होती तेव्हा? नुसती चुन्याची रेघ होती. गावाला विचारायला साहेबांनी सभा घेतली, तिथं चुलीचं मी विचारलं! मग साहेबांनी स्वतः पायानं रेघ पुसली अन् झाडाच्या मागून नवी ओढली. अन् तुम्ही? भिंतीला टेकून घोरत होता!"