रफूवालं पॅराशूट

"मॅडम, फाटलेलं पॅराशूट रफू केलं तर चालतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून संयुक्ताने अवकाशयान स्पर्धेच्या परीक्षक मॅडमना हे विचारलं, आणि स्पर्धेत उतरलेल्या बड्या बड्या कंपन्यांची माणसं खो खो हसली. इचलकरंजीच्या दहावीतल्या मुलींचं रिकामं यान अवकाशात जाऊन समुद्रावर उतरलं होतं, पण पॅराशूटला हातभर चीर पडली होती. तेच यान दहा दिवसांत पुन्हा जाऊन आलं तरच बक्षीस मिळणार होतं, आणि नवं पॅराशूट यायला महिना!

मॅडमनी नियम दोनदा वाचले. "रफूला बंदी नाही, बाळ."

संयुक्ताची आई मागावरच्या कापडातले दोष सुईने भरायची. तिने धाग्याला धागा जुळवत ती चीर भरली.

"याला लोंबकळा बघू," आई पप्पांना म्हणाली. पप्पा लोंबकळले. रफू जागचं हललं नाही.

दहाव्या दिवशी पॅराशूट आभाळात टच्च फुगलं आणि यान अलगद पाण्यावर टेकलं. आता हसणारेच टाळ्या वाजवत होते!

संयुक्ताने करंडक आईच्या हातात दिला.

"आई, पप्पा, पुढच्या वर्षी यानात माणूस बसवायचाय. मी बसणार. आणि पॅराशूट मला हेच हवं, रफूवालं!"