आवाज बंद झाल्यावर

"झीक, मधून. सरळ मधून घुसायचं. बाकी काही करू नकोस," वेंडेल क्रॉफर्ड म्हणाला, आणि त्याचा आवाज तुटला.

डाव सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले, की कोचचं बोलणं खेळ चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये पोचायचं बंद होतं. अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा नियम आहे. पुढचं काय ते ज्याच्या हातात चेंडू येणार, त्यानं बघायचं.

टोलेडोचा संघ चार गुणांनी मागे होता. गोलरेषा दोन यार्डांवर, संधी शेवटची, सामन्याचे नऊ सेकंद शिल्लक. सरोवरावरून बोचरा वारा येत होता आणि सगळं स्टेडियम उभं होतं.

याच मैदानावर वेंडेल अकरा वर्षं क्वार्टरबॅक म्हणून खेळला होता. कोच म्हणून त्याचं हे दुसरं वर्ष. आताच्या क्वार्टरबॅकनं, झीकनं, या मोसमात दोनदा वेंडेलनं सांगितलेला डाव ऐन वेळी बदलला होता, आणि दोन्ही वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात गेला होता. शुक्रवारी संघाच्या मालकीणबाई ऑगस्टा लिंडक्विस्ट त्याला म्हणाल्या होत्या, "हाही सामना गेला, तर माझ्या हातात काही राहणार नाही, वेंडेल."

समोरची अख्खी फळी मध्यभागी दाटली. उजवा कोपरा मोकळा पडला.

वेंडेलला तो दिसला. तिथं तो स्वतः उभा असता, तर विचार करण्याआधीच त्याचे पाय उजवीकडे वळले असते. पण तो मैदानाच्या कडेला, रेषेबाहेर होता. ओठ कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून तोंडासमोर धरलेला कागद त्यानं खाली घेतला आणि तो ओरडला. ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही ओरडला.

झीकनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग आपल्या गड्यांना दोनच शब्द सांगितले, चेंडू घेऊन उजवीकडे पळाला आणि कोपऱ्यातल्या आपल्या गड्याकडे फेकला.

टचडाऊन. सहा गुण, आणि सामना खिशात.

अकराच्या अकरा जण एकमेकांच्या अंगावर पडले. बाकावरचे धावले. मदतनीस कोच एकमेकांना मिठ्या मारत सुटले. कुणीतरी वेंडेलच्या पाठीत जोरात थाप मारली आणि तोही पुढं पळाला. त्या दुपारी वेंडेलचा हात हातात घेणारा माणूस एकच होता: हरलेल्या संघाचा कोच.

आत आल्यावर ऑगस्टाबाईंनी त्याला गाठलं. "मधून घुसणार असं भासवायचं आणि टाकायचा कोपऱ्यात! होतास तस्सा आहेस अजून."

"मी मधूनच सांगितलं होतं. त्यानं बदललं."

"बरं, बरं. नम्रपणा पुरे झाला," त्या हसल्या. "मंगळवारी ये. पुढच्या तीन वर्षांच्या कराराचं बोलून टाकू."

वेंडेल आपल्या खोलीत जाऊन बसला. थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. झीक होता. केस ओले, मनगटावर अजून पट्टी. या खोलीत एखादा खेळाडू न बोलावता येण्याची ही पहिलीच वेळ होती.

"बसू का, कोच?"

"बस की."

"थँक्यू म्हणायला आलो. खरं सांगू, माझी हिंमतच होत नव्हती. दोनदा तोंडावर आपटलोय ना. मग तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही 'बदल, बदल' म्हणून ओरडत होता. ओठ दिसले मला. म्हटलं, कोच पाठीशी आहेत. टाकला."

वेंडेलनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं.

बाहेरून कुणीतरी हाक मारली, "ए झीक, चल ना! म्हातारा तुला दत्तक घेतोय की काय?"

झीक हसला, पण उठला नाही.

"मी 'बदलू नको' म्हणत होतो," वेंडेल म्हणाला.

"काय?"

"बदलू नको. कोपरा दिसत होता मला, तरी म्हणत होतो. घाबरलो होतो."

झीकच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

"म्हणजे मग तो निर्णय..."

"तुझा. तुझ्या एकट्याचा."

झीक उठला. "उद्या भेटू, कोच," इतकंच म्हणाला आणि जाताना दार हलकेच ओढून घेतलं. बाहेर आरडाओरडा झाला, टाळ्या झाल्या, मग सगळे आवाज लांब गेले.

पुढच्या रविवारी पुन्हा घड्याळात पंधरा सेकंद उरले आणि वेंडेलचा आवाज बंद झाला. त्यानं रेषेवरून मैदानाकडे बघितलं. झीकची पाठ होती. त्याचं ऐकायला त्याच्याभोवती दहा माना खाली वाकल्या होत्या.

झीकनं वळून बघितलं नाही. त्या रविवारी नाही, आणि त्यानंतर कधीच नाही.